खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

आमच्या वर्गाने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या घासल्या, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या नादात त्यांच्यावरची सगळी लेबलं धुऊन टाकली. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात आणि म्हणतात, काय हा वेडेपणा. मला तो वेडेपणा तेव्हा वाटला नाही आणि आता तर मुळीच वाटत नाही. त्या वर्षी भिलाईत दिसेल त्या यंत्राला हार पडत होता. आमच्या बाटल्यांनीच काय घोडं मारलं होतं?

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती आणि बाकीचा कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या रांगा तयार, पण रस्ते कच्चे. सकाळी धुतलेलं लुगडं दुपारी वाळायचं आणि वाळता वाळता लाल व्हायचं, इतकी धूळ. आम्ही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. बाबा भावाभावांच्या वाटणीला कंटाळून इथे आले आणि एका ठेकेदाराच्या गॅरेजात लागले. डंपर आणि ट्रकच्या बॅटऱ्या उतरवायच्या, त्यांत तेजाब, म्हणजे ॲसिड, भरायचं, चार्ज करून परत चढवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या प्रत्येक पँटीला मांडीवर बारीक बारीक भोकं असायची. नवी पँट आली की महिन्याभरात तिची चाळणी व्हायची आणि माय ठिगळं लावत बसायची.

मुलींची शाळा आमच्या क्वार्टरपासून जवळच होती. त्या वर्षी तिथे नववीला विज्ञान सुरू झालं, पण अजून मान्यता नव्हती. रायपूरहून निरीक्षक येऊन पाहणार, त्यांना पटलं तर वर्ग चालू राहणार, नाही तर आम्हा सगळ्या मुलींना गृहविज्ञानात घालणार, असं ठरलेलं. भरतकाम आणि मुरंबे. मला मुरंबा आवडतो, पण तो शिकायला शाळेत कशाला जायचं, हे मला आजही कळत नाही. मुलांच्या शाळेत विज्ञान होतं. पण तिथे मला घालायचा विषयच बाबांनी घरात निघू दिला नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या. शाळा हिंदी, म्हणून सगळ्या त्यांना बहनजी म्हणायच्या आणि मीही म्हणायचे, पण माझ्याशी त्या मराठीत बोलत. तरुण होत्या, सायकलवरून शाळेत येत आणि हाताला खडू लागलेला असला तरी त्याच हाताने केस मागे सारत. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि कपाटात थोड्या काचेच्या नळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि सात बाटल्या. त्या बाटल्या बहनजींनी स्वतः नागपूरहून रेल्वेने आणल्या होत्या, ट्रंकेत जुन्या साड्यांमध्ये गुंडाळून. एकीत पाण्याने पातळ केलेलं मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. एकीत सिरका. एकीत डिस्टिल्ड वॉटर, एकीत मिठाचं पाणी. मग खायच्या सोड्याचं पाणी, चुन्याची निवळी आणि सगळ्यात शेवटी कॉस्टिक सोडा. सातही बाटल्यांतलं दिसायला पाण्यासारखं. बहनजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही आणि जिभेला इथे कामच नाही. या खोलीत कोणी काही चाखलं, तर ती मुलगी माझ्या वर्गात परत बसणार नाही."

आम्लं आंबट असतात, अल्क हाताला बुळबुळीत लागतात, हे पुस्तकात होतं. पण किती आंबट आणि किती बुळबुळीत? त्यासाठी त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला चौदा, बरोबर मध्ये सात. सात म्हणजे शुद्ध पाणी, ना इकडचं ना तिकडचं. डावीकडे आम्लं, शून्याच्या जितकं जवळ तितकं जहाल. उजवीकडे अल्क, चौदाच्या जितकं जवळ तितकं जहाल. या मापाला पीएच म्हणायचं. मग त्या रेघेवर त्यांनी आमचं स्वयंपाकघर मांडलं. लिंबू दोनच्या आसपास, ताक चारच्या थोडं पुढे, दूध साताच्या जरासं अलीकडे. खायचा सोडा आठ ओलांडून, साबणाचं पाणी दहाच्या जवळ, चुन्याची निवळी बाराच्याही पलीकडे.

इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या की या रेघेवर एक घर सरकलं की जोर दहापट होतो. पाचापेक्षा चार दहापट आम्ल, तीन शंभरपट, दोन हजारपट. मला ते पटेना. मी उभी राहून वाद घातला, कारण न पटलेली गोष्ट गिळून बसणं मला कधी जमलं नाही. बहनजींना राग आला नाही. "अगं, उलट बाजूने बघ," त्या म्हणाल्या. "एक चमचा तेजाब नऊ चमचे पाण्यात घातलंस, तर तुला वाटेल, मेलं बिचारं. पण ते या रेघेवर फक्त एक घर हललेलं असतं. आणखी एक घर हलवायला पुन्हा दहापट पाणी. ते असं सहजासहजी हार मानत नाही." हे मात्र मला लगेच समजलं. आमच्या घरातही सगळे तसेच होते.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. "तेजाब माह्या पँटीले काय करते ते तू रोज पाह्यतं ना?" ते म्हणाले. "मंग तुले त्याच्याजवळ जायाचं कावून हाये?"

"जायाचं नाही बाबा, शिकाचं हाये."

"एकच झालं. पँटीले ठिगळ लागते. पोरीच्या तोंडाले लागन का?"

त्यांची भीती खोटी नव्हती. ते दिवसभर त्या वस्तूबरोबर राहायचे आणि ती काय करते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण मी हटून बसले, दोन दिवस धड जेवले नाही, आणि शेवटी मायनेच मध्ये पडून तोड काढली. बाबा म्हणाले, "रायपूरचा साहेब येऊन राहिला ना? थो हो म्हनला तं शीक. नाई म्हनला तं दिवाळीले तुहा मामा तुमसरचं स्थळ घेऊन येते, ते पाहू. मंग मले कटकट नाई पाहिजे."

म्हणजे माझं पुढचं सगळं त्या एका साहेबाच्या मानेवर येऊन बसलं. ती होकारार्थी हलली तर प्रयोगशाळा, नाही तर तुमसर. तुमसरच्या त्या मुलाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. मी त्याला कधी पाहिलंच नाही आणि बघायची इच्छाही नव्हती.

निरीक्षक दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी येणार, असं कळलं. बहनजी सुट्टीला नागपूरला गेल्या. जाताना किल्ली मला दिली आणि म्हणाल्या, खोली जरा झाडून ठेवा, साहेब यायचे आहेत.

आता खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. गावी होतो तेव्हा विळे, नांगर, कुऱ्हाडी धुऊन त्यांना हळदकुंकू लागायचं. भिलाईत आल्यावर तेच क्रेन, डंपर आणि लेथ मशीनला लागू लागलं. बाबांच्या गॅरेजात बॅटऱ्यासुद्धा ओळीने मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहिलेली मी पाहिली होती. कारखाना उभारायला आलेला एक रशियन इंजिनीअर कपाळावर कुंकू लावून डंपरशेजारी उभा राहिला होता, आणि तो काही तक्रार करत नव्हता. मग आमची हत्यारं कोणती? सात बाटल्या. ही कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान आहे. वर्गातली बंगाली मुलगी म्हणाली, आमच्याकडे विश्वकर्म्याच्या पूजेला सगळं लखलखीत लागतं. पंजाबी मुलीने घरून राख आणि नारळाची शेंडी आणली. आम्ही बुचं घट्ट लावून बाटल्या अशा घासल्या की त्यांच्यातून खिडकीबाहेरची क्वार्टरं दिसू लागली. लेबलं कागदाची, खळीने चिकटवलेली. ती पाण्यात सुटून आली आणि मोरीतून वाहून गेली. मिठाचं तेजाब कुठलं आणि मिठाचं पाणी कुठलं, हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी प्रत्येकीने दुसरीवर टाकली होती.

आठवीच्या मुलींकडे सजावट होती. त्यांना टेबलाच्या खणात गुलाबी आणि निळ्या रंगाच्या छान पट्ट्या सापडल्या. त्यांनी त्या दोऱ्याला चिकटवून पताका केल्या. ते आमच्या शाळेचं सगळंच्या सगळं लिटमस होतं, आम्ल की अल्क हे रंग बदलून सांगणारा कागद. आम्ही आत आलो तेव्हा पताका लागल्या होत्या, सुंदर दिसत होत्या, आणि आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मग बाटल्या कपाटासमोर ओळीने मांडल्या, प्रत्येकीला एक बोट हळदीचं आणि एक बोट कुंकवाचं लावलं, नारळ फोडला, साखर वाटली आणि कुलूप लावून घरी आलो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बहनजी दुपारी स्टेशनवरून थेट शाळेत आल्या. मी किल्ली घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, बाटल्या पाहिल्या, मग वर पाहिलं. पताका उन्हाने फिक्या पडल्या होत्या, खालच्यांवर नारळाचं पाणी उडून डाग पडले होते. साहेबांसमोर धरण्याजोगी एक पट्टीही राहिली नव्हती. बहनजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या.

"मुलांच्या शाळेतून आणते लिटमस," मी म्हणाले.

"तिथला चपराशी किल्ली घेऊन भिलाई-३ला घरी गेलाय. उद्या दहाशिवाय येत नाही. आणि साहेब आठला येणार."

तोवर मला वाटत होतं की साहेब कदाचित नाही म्हणतील. आता ते नाही म्हणणारच होते. मला रडू आलं, आणि रडू दिसू नये म्हणून मी बाटल्या कपाटात ठेवायला लागले. तेव्हा एका बाटलीवर मला दोन्ही बोटं लाल दिसली. हळदीच्या जागीही कुंकवासारखा लाल ओघळ. मी दुसरी पाहिली, तिच्यावर पिवळं आणि लाल, ठीक. तिसरीवर पुन्हा दोन्ही लाल.

"बहनजी, हळद मीच लावली होती. सातही बाटल्यांना लावली होती," मी म्हणाले.

त्या उठल्या. बाटलीच्या तोंडाशी पाहिलं. बुचाभोवतून आतलं थोडं झिरपून खाली उतरलं होतं, तेवढ्याच भागात हळद लाल झाली होती. बहनजी माझ्याकडे बघू लागल्या आणि मी त्यांच्याकडे. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे कुठल्या मराठी घरातल्या मुलीला सांगावं लागत नाही. कुंकू तसंच तर करतात. चुना हा अल्क. म्हणजे या बाटल्यांत अल्क होता.

"टीपकागद आण," बहनजी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा वर्गातल्यासारखा झाला.

हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून आम्ही तो उन्हात वाळवला आणि पट्ट्या कापल्या. सातही बाटल्यांतला एकेक थेंब काचेच्या कांडीने पट्टीवर ठेवला. तिघींनी पट्टी लाल केली, चौघींनी पिवळीच ठेवली. तीन अल्क हाती लागले. पण हळद आम्लाला ओळखत नाही. तेजाब असो की साधं पाणी, ती पिवळीच्या पिवळी. उरलेल्या चार बाटल्यांत तेजाब होतं आणि ते कुठलं, हे सांगणारं आमच्याकडे काहीच नव्हतं.

हे मी बहनजींना म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला मायची कढई आठवली.

आमच्याकडे अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी होते. जवळच्या कोहका गावाहून येणारी भाजीवाली अंबाडीला अमारी म्हणायची. बोंडांच्या पाकळ्या वाळवून माय डब्यात भरून ठेवायची आणि वर्षभर पुरवायची. चटणीची कढई राखेने घासायला घेतली की लाल पाणी हिरवं व्हायचं. लहानपणी मी ते पाहून घाबरले होते, तेव्हा माय म्हणाली होती, "राखीनं तसंच होते, घाबराचं नाई." आणि त्याच कढईत लिंबू पिळलं की ते पाणी पुन्हा लालचुटूक. मी इतकी वर्षं ते पाहत आले होते आणि बहनजींच्या रेघेशी त्याचा संबंध आहे हे मला त्या दुपारी कळलं. मी घरी पळत गेले.

"तुह्या इज्ञानाले माह्या चटणीचीच फुलं भेटली का?" माय म्हणाली, पण डबा तिने स्वतः काढून दिला.

गरम पाण्यात पाकळ्या भिजवल्या तसं गडद लाल पाणी उतरलं. ते आम्ही सात नळ्यांत थोडं थोडं घातलं आणि प्रत्येकीत एका बाटलीतलं टाकलं. दोन नळ्या भडक गुलाबी झाल्या. दोन फिकट जांभळट पडल्या. एक निळसर हिरवी, एक हिरवी, आणि एक हिरवी होता होता पिवळी. बहनजींनी नळ्या उचलून फळ्यावरच्या रेघेखाली त्या त्या जागी धरल्या. गुलाबी डावीकडे, जांभळट साताखाली, हिरव्या उजवीकडे. त्या रेघेवर मी इतका वाद घातला होता. आता ती माझ्यासमोर रंगांची उभी होती आणि मला इतका आनंद झाला की मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

बाकीचं सोपं होतं. दोन गुलाबींमधली एक बहनजींनी लांबून हाताने वारा घेऊन हुंगली, ती सिरक्याची. दुसरी म्हणजे तेजाब. दोन जांभळटांचा एकेक थेंब काचेवर वाळवला. एकाचा पांढरा डाग राहिला, ते मिठाचं पाणी. दुसऱ्याचं काहीच उरलं नाही, ते डिस्टिल्ड वॉटर. निळसर हिरवी सोड्याची. राहिल्या दोन. त्यांतलं थोडं थोडं वेगळ्या नळ्यांत घेऊन मी पपईच्या देठाच्या नळीने जपून फुंकर घातली. जी माझ्या श्वासाने दुधासारखी झाली ती चुन्याची निवळी, जी झाली नाही ती कॉस्टिक. मी लगेच कागद फाडून नावं लिहायला बसले. बहनजींनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. "नको," त्या म्हणाल्या. "उद्या अशाच ठेवू."

सकाळी साहेब हेडमास्तरीणबाईंबरोबर आले. गळाबंद कोट, हातात काठी, चेहऱ्यावर घाई. मुलींच्या वडिलांनाही बोलावलं होतं, कारण मध्येच लग्न करून मुली काढून नेणार का, हे साहेबांना विचारायचं होतं. बाबा ड्यूटीवरून थेट आले, त्याच भोकांच्या पँटीत, आणि दारापाशीच उभे राहिले. साहेबांनी टेबलावर हळदकुंकू लावलेल्या बाटल्या पाहिल्या.

"यह प्रयोगशाला है कि मंदिर?" त्यांनी विचारलं. "लेबल कहाँ हैं? लिटमस?"

बहनजींनी काहीही लपवलं नाही. मुलींनी पूजेसाठी बाटल्या धुतल्या, लेबलं गेली, लिटमस पताकांत गेलं, आणि मग त्यांच्यातल्याच एकीने, म्हणजे मी, सगळ्या बाटल्या ओळखायची युक्ती काढली. साहेबांच्या तोंडावर अविश्वास स्पष्ट दिसत होता. त्यांनी आम्हा सगळ्यांना पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं, बाटल्यांची अदलाबदल केली आणि काठी माझ्याकडे रोखली.

मी पुढे झाले. कांडी उचलली. हळदीची पट्टी, अंबाडीचं पाणी, लांबून घेतलेला सिरक्याचा वास, काचेवरचा थेंब, पपईची नळी. बाकीच्या मुली माझ्यासाठी नळ्या धुऊन देत होत्या. मी एकेक बाटली बाजूला ठेवत नाव सांगत गेले. सातवी बाटली ठेवली तेव्हा त्यांनी काठी टेबलाला टेकवली, तेजाब आणि कॉस्टिक अंदाजाने एका काचपात्रात ओतलं आणि म्हणाले, "अब बताओ, यह क्या है?"

दारातून बाबांचा खोकला ऐकू आला. त्यांना हिंदी कळत होतं आणि टेबलावर काय ओतलं जात आहे हेही कळत होतं.

मी अंबाडीचे थेंब टाकले. पाणी हिरवं झालं. "कॉस्टिक जास्त पडलंय," मी हिंदीत सांगितलं, "तेजाब कमी पडलं." मग मी तेजाब थेंब थेंब टाकू लागले. जवळ आल्यावर थांबले. रेघेच्या मधल्या घरांवर एक थेंबसुद्धा फार होतो, तो पाणी थेट पलीकडे नेऊन टाकतो. म्हणून थोडं पाणी घेतलं, त्यात जपून तेजाब घातलं, दहापट पातळ केलं आणि त्यातला एकेक थेंब सोडला. हिरवं. निळसर. मग एका थेंबाला पाणी जांभळट झालं आणि तसंच राहिलं. मी कांडी खाली ठेवली.

"सात," मी म्हणाले. "आता यात ना तेजाब आहे ना कॉस्टिक. मीठ आणि पाणी आहे."

साहेबांनी दाखव म्हटलं. आम्ही ते बशीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर आटवलं. बशीच्या तळाशी मीठ उरलं, जरा जांभळट, अंबाडीचा रंग बसलेलं, पण मीठ. साहेब वाकून पाहत म्हणाले, "चखकर दिखाओ."

"नाही," मी म्हणाले. मराठीतच निघालं तोंडातून. "या खोलीत कोणी काही चाखत नाही."

हेडमास्तरीणबाईंचा चेहरा पडला. पण साहेब सावकाश सरळ झाले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. बहनजींकडे वळून म्हणाले, "यही सुनना था." मग त्यांनी हेडमास्तरीणबाईंना सांगितलं की या मुलींना विज्ञान द्या, आणि बाटल्यांना लेबलं लावा, पण अशी की पुढच्या दसऱ्याला टिकतील. बहनजींनी चष्मा काढून पुसला. त्या डोळे पुसत होत्या, ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

साहेब वडिलांना विचारत विचारत बाबांपाशी आले. मुलीला पुढे शिकवणार का? बाबा टेबलापर्यंत आले आणि बशीत पाहत राहिले.

"हे तेजाबाचं हाये?" त्यांनी मला विचारलं.

"तेजाबाचं अन् कॉस्टिकचं, बाबा. दोघं बरोबरीनं भेटले का दोघांचाही जोर जाते. पण पँटीवर उडालं तं लोटाभर पान्यानं काई होत नाई. दहापट पान्यानं थे फक्त एक घर हलते. खूप पानी पाहिजे, नळ सोडून द्यायचा. मंग कपड्याले खायचा सोडा लावाचा."

बाबांनी मान डोलावली, मला नाही, बशीला. मग साहेबांकडे वळून ते आपल्या हिंदीत म्हणाले, "पढ़ाएगा साहब. जित्ता पढ़ेगी उत्ता."

मला त्या क्षणी जे वाटलं ते पुढे कुठलीही पदवी घेताना वाटलं नाही. दिवाळीला मामा तुमसरचं स्थळ घेऊन आला. बाबांनी त्याला चिवडा दिला, चहा दिला आणि सांगितलं, "थांब भौ. आमची पोरगी अजून तेजाबाचं मीठ करून राहिली." मामाला त्यातलं काही कळलं नाही, आणि त्याला समजावून सांगायची तसदीही कोणी घेतली नाही.

दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी बाबा शाळेत आले. गॅरेजात ट्रकवर नंबर टाकायला जो पांढरा पेंट असतो, तो एका डबीत आणि एक बारीक ब्रश घेऊन. बाबांना अक्षरं फार येत नव्हती. पण समोर लिहून ठेवलं तर ते हुबेहूब काढायचे. मी कागदावर एकेक नाव लिहून दिलं आणि ते खाली बसून, जीभ दातांत धरून, बाटल्यांवर रंगवत गेले. मला ज्याच्याजवळ जाऊ देत नव्हते, त्या तेजाबाचं नाव त्यांनी सगळ्यात मोठ्या अक्षरांत काढलं.

सातवी बाटली झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरली आणि मला विचारलं, "आता दसऱ्याले धुतलं तं निघन का?"

"नाई निघत, बाबा."

"मंग धुवा बिनधास्त," ते म्हणाले, आणि ब्रश माझ्या हातात दिला.